विश्लेषण : जीवन आकाशातून आले, तर ‘उत्पत्ती’चे काय?

जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचे एदलाबाद. त्याच्या जवळच्या मानेगावात २९ जून १८४३ रोजी आकाशातून दगड पडला. पुढे ३४ वर्षांनी, नोव्हेंबर १८७७ मध्ये, धुळ्याजवळ दुसरा दगड पडला. जगभरातील उल्कापाषाणांच्या सूचीत या दोन्ही खानदेशी दगडांची नोंद आजही आहे. असे दगड पृथ्वीवर केवळ खनिजेच आणतात, की कधी काळी त्यांनी जीवनाचे बीजही आणले, हा प्रश्न विज्ञानात दीडशे वर्षे चर्चेत आहे. बेन्नू या लघुग्रहावरील नमुन्यांच्या तपासणीने तो २०२५ मध्ये पुन्हा पुढे आला. पण जीवन ‘बाहेरून’ आले असेल, तर देवाने पृथ्वीवर जीवसृष्टी निर्माण केली असे मानणाऱ्या ख्रिस्ती श्रद्धेचे काय? चर्चकडे याचे एकच उत्तर नाही. शिवाय मतभेदाची रेषा सर्वसाधारणपणे समजली जाते तिथून जातही नाही.

हा प्रश्न आता का?

अमेरिकेच्या ‘नासा’च्या ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नूवरील सुमारे १२१ ग्रॅम माती-खडे २४ सप्टेंबर २०२३ रोजी पृथ्वीवर आणले. त्यांच्या तपासणीचे निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. सजीव आपली प्रथिने ज्या २० अमिनो आम्लांपासून बनवतात, त्यांपैकी १४ या नमुन्यांत आढळली. डीएनए आणि आरएनए यांची अक्षरे म्हणता येतील अशी पाचही नत्रयुक्त संयुगे (न्यूक्लिओबेस) सापडली. म्हणजे जीवनाचा कच्चा माल पृथ्वीबाहेर तयार होतो, याला भक्कम पुरावा मिळाला. जीवन मात्र सापडलेले नाही.

त्याच वर्षी २० मे रोजी ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांचे पुण्यात निधन झाले. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या थरात सूक्ष्मजीव शोधण्याचा भारतातील प्रयोग त्यांच्या पुढाकाराने झाला होता. आणि सप्टेंबरमध्ये व्हॅटिकन वेधशाळेची सूत्रे गोवा प्रांताचे जेझुइट धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड डिसूझा यांच्याकडे आली. या तीन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण विश्वाचा अभ्यास आणि निर्मात्यावरची श्रद्धा यांचे नाते काय, या प्रश्नापाशी तिन्ही पोहोचतात.

सिद्धांत नेमका काय?

‘पॅनस्पर्मिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सर्वत्र बीज’. या नावाखाली तीन वेगवेगळे दावे येतात आणि त्यांची गल्लत केली की चर्चा भरकटते. पहिला दावा सौम्य आहे : जीवनाला लागणारी रसायने धूमकेतू आणि लघुग्रहांनी पृथ्वीवर आणली, जीवन मात्र इथेच घडले. बेन्नूचे निष्कर्ष या दाव्याला बळ देतात. दुसरा दावा असा, की जिवंत सूक्ष्मजीवच दगडांतून किंवा धुळीतून एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर पोहोचले. तिसरा सर्वांत धाडसी आहे : कुणा प्रगत संस्कृतीने जाणूनबुजून पृथ्वीवर जीवनाची पेरणी केली. डीएनएच्या रचनेच्या शोधातील एक मानकरी फ्रान्सिस क्रिक आणि रसायनशास्त्रज्ञ लेस्ली ऑर्गेल यांनी १९७३ मध्ये हा तिसरा विचार शास्त्रीय नियतकालिकात मांडला होता.

दुसऱ्या दाव्यातली सर्वांत मोठी अडचण म्हणजे प्रवास. अवकाशातील किरणोत्सर्ग, निर्वात पोकळी आणि प्रचंड थंडी यांत जीव तगेल का? जपानच्या ‘तानपोपो’ प्रयोगात डायनोकॉकस या चिवट जीवाणूंचे थर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर तीन वर्षे ठेवले होते. वरच्या थरातील जीवाणू मेले, पण त्यांच्या आडोशाने खालचे जिवंत राहिले. हा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे असा प्रवास अशक्य नाही, एवढे म्हणता येते. तो खरोखर झाला, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

खानदेशात पडलेले दगड काय सांगतात?

मानेगावचा दगड ‘डायोजेनाइट’ या दुर्मीळ प्रकारातला आहे. आकाशातून दगड पडतात असे सांगणाऱ्या डायोजेनिस या प्राचीन ग्रीक विचारवंतावरून या प्रकाराला नाव मिळाले. असे दगड वेस्टा या मोठ्या लघुग्रहाच्या कवचातून निखळले, असे शास्त्रज्ञ मानतात. ‘डॉन’ यानाने २०११-१२ मध्ये वेस्टाची जी पाहणी केली, तिने या मताला पुष्टी दिली. हे खडक सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी वितळलेल्या स्थितीतून थिजले. धुळ्याजवळचा दगड ‘भगूर’ या नावाने नोंदला गेला आहे. तो सामान्य कॉन्ड्राइट प्रकारातला, पण पूर्वी चांगलाच तापून निघालेला आहे.

या दोन दगडांतून जीवन येणे शक्य नव्हते, कारण इतक्या तापलेल्या खडकात नाजूक सेंद्रिय रसायने टिकत नाहीत. त्यासाठी कार्बनयुक्त उल्कापाषाण लागतात. ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे १९६९ मध्ये पडलेला उल्कापाषाण तसा होता. तरीही खानदेशी दगड एक गोष्ट सिद्ध करतात : एका खगोलावरचा दगड कोट्यवधी किलोमीटर प्रवास करून दुसऱ्यावर, थेट तापीकाठच्या शेतशिवारात येऊन पडू शकतो. वाहन आहे, प्रवासी होता की नाही हे ठाऊक नाही. या वादाची आजची अवस्था नेमकी हीच आहे.

ही कल्पना धर्मविरोधकांची होती का?

तसा समज आहे, पण इतिहास उलट सांगतो. आधुनिक काळात या कल्पनेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत अग्रणी होते विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन. तापमानाचे एकक आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते. ब्रिटिश असोसिएशनच्या १८७१ च्या एडिंबरा अधिवेशनात अध्यक्षीय भाषण करताना, जीवनाचे बीज उल्कापाषाणांतून पृथ्वीवर आले असावे, असे त्यांनी सुचवले. त्याच भाषणाच्या अखेरीस सृष्टीतील रचनेमागे हेतू आणि कल्याणकारी बुद्धी दिसते, असेही ते म्हणाले. त्यांना या दोन विधानांत विसंगती वाटली नाही.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. निर्जीवातून सजीव आपोआप उपजत नाही, हे फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिले होते. मग पहिला जीव आला कुठून? चार्ल्स डार्विन यांनी १८७१ मध्येच एका खासगी पत्रात उबदार पाण्याच्या छोट्या डबक्याची कल्पना मांडली. केल्व्हिन यांनी आकाशाकडे बोट दाखवले. म्हणजे एकाच वर्षी दोन वाटा सुचवल्या गेल्या, आणि श्रद्धाळू माणसाने निवडली ती आकाशाची.

याच काळातली आणखी एक घटना सावध करणारी आहे. पाश्चर यांचे पॅरिसमधील गाजलेले व्याख्यान एप्रिल १८६४ मध्ये झाले आणि पुढच्याच महिन्यात फ्रान्समधील ऑर्गेय येथे उल्कापाषाण पडला. त्याचा एक तुकडा संग्रहालयात बंद बरणीत होता. शंभर वर्षांनी, १९६० च्या दशकात, त्याची तपासणी झाली तेव्हा आत वनस्पतीच्या बिया सापडल्या. अधिक शोध घेतल्यावर कळले, की त्या बिया कुणी तरी दगडात घुसवून डिंकाने बुजवल्या होत्या. असे कुणी आणि का केले, ते कधीच स्पष्ट झाले नाही. जीवनाच्या उगमाचा पुरावा आपल्या मताला अनुकूल हवा, हा मोह किती जुना आहे, हे मात्र त्यातून दिसते.

पुणे-हैदराबादच्या प्रयोगात काय सापडले?

विसाव्या शतकात फ्रेड हॉईल आणि मूळचे श्रीलंकेचे चंद्रा विक्रमसिंघे यांनी ही कल्पना नव्याने मांडली. हॉईल हे नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू. वरून सूक्ष्मजीव येत असतील, तर वातावरणाच्या फार उंच थरात ते सापडायला हवेत, असा साधा तर्क होता. त्यानुसार ‘इस्रो’च्या साहाय्याने हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रातून २००१ मध्ये आणि पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी महाकाय फुगे सोडण्यात आले. दुसऱ्या वेळी निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्यांमध्ये २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली गेली.

या नमुन्यांची तपासणी हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात झाली. जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. त्यांत जीवाणूंच्या तीन प्रजाती तोवर अज्ञात होत्या आणि अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या होत्या. एकीला हॉईल यांचे, दुसरीला इस्रोचे आणि तिसरीला आर्यभटाचे नाव देण्यात आले. मार्च २००९ मध्ये हे निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने स्पष्ट केले, की सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेरून आले हे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पण शोध पुढे नेण्यास उत्तेजन मिळते. पुढे आर्यभटाच्या नावाचा जीवाणू इथल्या मातीतही, चहा आणि सोयाबीनच्या मुळांभोवती, आढळला. म्हणजे तो वरून खाली आला की खालून वर गेला, हे त्याच्या पत्त्यावरून ठरवता येत नाही.

‘उत्पत्ती’ कशी वाचली जाते?

बायबलचे पहिले पुस्तक मराठीत ‘उत्पत्ति’ या नावाने ओळखले जाते. मराठी वाचकाला ही निर्मितीकथा चारशे वर्षांपासून परिचित आहे. गोव्यात राचोल येथे १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त ती ओवीबद्ध रूपात आली. योगायोग असा, की त्याच वर्षी रोममध्ये चर्चने कोपर्निकसच्या ग्रंथावर बंदी घातली. पृथ्वी फिरते हे बायबलशी जुळत नाही, असे तेव्हाच्या धर्माधिकाऱ्यांना वाटले. गॅलिलिओबाबत चूक झाली, हे मान्य करायला १९९२ साल उजाडले. तेव्हापासून आकाशाविषयी घाईने निवाडा देण्याबाबत कॅथलिक चर्च सावध आहे.

‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात सहा दिवसांची मांडणी आहे. वनस्पती आणि प्राणी उपजवण्याची आज्ञा देव भूमीला देतो. वनस्पती तिसऱ्या दिवशी, तर सूर्य, चंद्र, तारे चौथ्या दिवशी येतात. हा क्रम शब्दशः घेतला, तर ताऱ्यांच्या आधी पृथ्वीवर हिरवळ आहे आणि पृथ्वीहून जुन्या जीवनाला जागाच उरत नाही. तो निर्मात्याचा महिमा सांगणारी रचना म्हणून वाचला, तर जीवन कुठून आणि कसे आले हा प्रश्न खुला राहतो. खरा फाटा इथे फुटतो.

शब्दशः न वाचणे ही आधुनिक पळवाट आहे, हा आरोपही टिकत नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टिन यांनी ‘उत्पत्ती’वर भाष्य लिहिताना म्हटले, की देवाने सृष्टीत जणू बीजे ठेवली आणि ती योग्य वेळी उमलत गेली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी देवाला आद्य कारण आणि निसर्गातील घडामोडींना दुय्यम कारणे मानले. पाऊस ढगातून पडतो, म्हणून तो देवाने दिला नाही असे होत नाही, हा त्याचा साधा अर्थ. विश्वाला काळात आरंभ होता हे केवळ बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असेही अक्वायनस यांचे मत होते. त्यामुळे हॉईल-नारळीकर यांच्यासारखे आरंभ नसलेले विश्व मांडणारे सिद्धांतही निर्मात्याची कल्पना आपोआप बाद करत नाहीत.

कॅथलिक चर्चची भूमिका काय?

पॅनस्पर्मियाला चर्चने मान्यता दिलेली नाही आणि तो नाकारलेलाही नाही. मानवी शरीर आधीच्या सजीव द्रव्यातून विकसित झाले का, याचा अभ्यास करण्यास पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये मुभा दिली. अट एकच : आत्मा देव थेट निर्माण करतो. ते सजीव द्रव्य आधी कुठून आले, यावर बंधन घातले गेले नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही निव्वळ कल्पनेपेक्षा अधिक काही आहे, असे म्हटले. देव म्हणजे जादूची कांडी फिरवणारा जादूगार नव्हे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये सांगितले.

व्हॅटिकन वेधशाळेकडे एक हजाराहून अधिक उल्कापाषाण-नमुन्यांचा संग्रह आहे. त्याचे दीर्घकाळ अभिरक्षक राहिलेले जेझुइट शास्त्रज्ञ गाय कॉन्सोलमॅग्नो पुढे वेधशाळेचे संचालक झाले. त्यांच्या आधीचे संचालक होजे गाब्रिएल फुनेस यांनी २००८ मध्ये व्हॅटिकनच्या वृत्तपत्राला मुलाखत देताना, परग्रहावर जीव असतील तर तेही देवाचीच निर्मिती, असे मत मांडले होते. पुढच्याच वर्षी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीने पृथ्वीबाहेरील जीवनाच्या शोधावर आठवडाभर शास्त्रज्ञांची परिषद भरवली. धुळे, जळगाव आणि नंदुरबारमधील कॅथलिक समाज १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो. त्याच्या चर्चची अधिकृत चौकट हीच आहे.

प्रोटेस्टंटांमध्ये एकमत का नाही?

कारण त्यांच्यात एक केंद्रीय धर्मसत्ता नाही. मुख्य प्रवाहातील अँग्लिकन, मेथडिस्ट, लूथरन अशा चर्चमधील अनेक धर्मशास्त्रज्ञांना जीवनाचा उगम पृथ्वीबाहेर असण्याने श्रद्धेला धक्का बसतो असे वाटत नाही. इव्हँजेलिकल प्रवाहात मात्र तीन गट दिसतात. मानवी जनुकसंच प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस कॉलिन्स यांनी स्थापन केलेली ‘बायोलोगोस’ ही संस्था उत्क्रांती हीच देवाची पद्धत मानते. ह्यू रॉस यांच्यासारखे दुसऱ्या गटातील लोक विश्व अब्जावधी वर्षे जुने मानतात, पण जीवनासाठी देवाचा विशेष हस्तक्षेप आवश्यक समजतात. मंगळावर जीवाणूंचे अवशेष मिळालेच, तर ते पृथ्वीवरून तिकडे गेलेले असतील, असे रॉस यांचे म्हणणे आहे. म्हणजे तोच प्रवास उलट्या दिशेने.

तिसरा गट पृथ्वीचे वय सुमारे सहा हजार वर्षे मानणाऱ्यांचा. ‘आन्सर्स इन जेनेसिस’ ही अमेरिकी संस्था त्याची ठळक प्रतिनिधी. या गटाला पॅनस्पर्मिया मान्य नाही. जीवन बाहेरून आले म्हटल्याने ते तिथे कसे निर्माण झाले याचे उत्तर मिळत नाही, प्रश्न फक्त मागे ढकलला जातो, हा त्यांचा आक्षेप. गंमत म्हणजे हा आक्षेप अनेक निरीश्वरवादी जीवशास्त्रज्ञही घेतात. पण या गटाची मूळ अडचण वेगळी आहे. पॅनस्पर्मियासाठी अब्जावधी वर्षे लागतात आणि त्यांच्या कालगणनेत ती नाहीत.

अर्कान्सॉच्या खटल्यात कोण कुणाच्या बाजूने होते?

या विषयावर ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ असा शिक्का मारणाऱ्यांनी हा खटला पाहायला हवा. अमेरिकेच्या अर्कान्सॉ राज्याने १९८१ मध्ये कायदा करून शाळांत उत्क्रांतीच्या बरोबरीने ‘निर्मितीविज्ञान’ शिकवणे बंधनकारक केले. त्याला न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत पहिले नाव होते मेथडिस्ट धर्मोपदेशक मॅकलीन यांचे. त्यांच्यासोबत मेथडिस्ट, एपिस्कोपल आणि रोमन कॅथलिक चर्चचे स्थानिक बिशपही वादी होते. तर कायद्याच्या बचावासाठी राज्याने साक्षीला बोलावले ते बौद्ध परंपरेतल्या विक्रमसिंघे यांना!

जीवन पृथ्वीवर केवळ योगायोगाने घडणे अशक्यप्राय आहे, हे त्यांचे म्हणणे राज्याला सोयीचे होते. पण उलटतपासणीत त्यांनीच सांगितले, की पृथ्वीचे वय दहा लाख वर्षांपेक्षा कमी आहे असे कोणताही विवेकी शास्त्रज्ञ मानणार नाही. न्यायाधीश विल्यम ओव्हरटन यांनी ५ जानेवारी १९८२ रोजी कायदा रद्द ठरवला आणि निकालपत्रात या साक्षीचीही दखल घेतली. पॅनस्पर्मियाचा आधार घेऊन सहा हजार वर्षांची पृथ्वी वाचवता येत नाही, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

मग श्रद्धेसमोरचा खरा पेच कोणता?

जीवाणू कुठून आले, हा नव्हे. पेच दोन आहेत. पहिला, ‘विज्ञानाला सांगता येत नाही, म्हणून देवाने केले’ या युक्तिवादाचा. निर्जीवातून जीवन कसे घडले, हे अजून उलगडलेले नाही. या अज्ञानावर श्रद्धा उभारली, तर प्रत्येक नव्या शोधाने ती एक पायरी खाली सरकते. बेन्नूच्या मातीत अमिनो आम्ले सापडली की एक आधार गेला, उद्या प्रयोगशाळेत स्वतःची नक्कल करणारा रेणू बनला की दुसरा गेला. देवाला ज्ञानाच्या फटीत बसवू नका, हा इशारा अनेक ख्रिस्ती विचारवंतांनीच दिला आहे.

दुसरा पेच माणसाच्या स्थानाचा. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला, त्याच्या उद्धारासाठी येशू पृथ्वीवर आला, ही ख्रिस्ती श्रद्धेची गाभ्याची शिकवण. इतरत्र विचार करणारे जीव असतील, तर त्यांचा उद्धार कसा, यावर धर्मशास्त्रज्ञांत खरा खल चालू आहे. पॅनस्पर्मिया या गाभ्याला हात लावत नाही. तो फार तर एवढेच सांगतो, की देवाने माणूस ज्या मातीतून घडवला असे बायबल म्हणते, त्या मातीत थोडी ताऱ्यांची धूळही होती.

निरीश्वरवाद्यांनाही हाच निकष लागू होतो. जीवन उल्केतून आले हे सिद्ध झाले, तरी त्यामुळे देव नाही असे ठरत नाही. ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याने ‘का’ हा प्रश्न मिटतोच असे नाही, आणि ‘का’चे उत्तर श्रद्धेने दिले म्हणून ‘कसे’ शोधण्याची गरज संपत नाही.

खानदेशात याचा संबंध कुठे येतो?

राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून थोडी कमी आहे. खानदेशात पूर्वेला भुसावळ-जळगाव पट्ट्यात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ने, तर पश्चिमेला धुळे, नंदुरबार, नवापूरकडे ‘स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन’ने काम केले. दोन्ही संस्था इव्हँजेलिकल परंपरेतल्या. या परंपरेत बायबलचा शब्द हाच अंतिम आधार असतो. त्यामुळे ‘उत्पत्ती’ कशी वाचायची, हा प्रश्न इथे घराघरातला आहे.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागातील पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. रविवारी चर्चमध्ये सहा दिवसांची कथा ऐकणारी नवापूर किंवा भुसावळची मुलगी सोमवारी वर्गात अब्जावधी वर्षांचा इतिहास शिकते. यातले एक खरे आणि दुसरे खोटे, अशी निवड तिच्यावर लादली गेली तर तिचे दोन्हीकडून नुकसान होते. ती एक तर विज्ञान फक्त गुणांसाठी पाठ करते किंवा घरच्या श्रद्धेपासून मनाने तुटते. ऑगस्टिनपासून चालत आलेली ख्रिस्ती वाचनपरंपरा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, ही खरी उणीव आहे. ‘एनसीईआरटी’ने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा २०२३ मध्ये देशभरातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी जाहीर निषेध नोंदवला होता. धडा गाळल्याने प्रश्न सुटत नाही, तो फक्त विचारला जात नाही.

शिवाय पृथ्वीच्या वयाचा पुरावा खानदेशात पायाखालीच आहे. इथला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. धुळे-नंदुरबार परिसरात जमिनीतून भिंतींसारख्या वर आलेल्या खडकांच्या लांबलचक रांगा दिसतात. जमिनीच्या भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या त्या भिंती भूशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय आहेत. सहा हजार वर्षांच्या हिशेबात त्या बसत नाहीत, आणि मानेगावचा साडेचार अब्ज वर्षांचा दगड तर मुळीच नाही.

पुढे काय?

‘नासा’चे युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये गुरूकडे निघाले असून २०३० मध्ये तिथे पोहोचेल. मंगळावर पर्सिव्हरन्स बग्गीला मिळालेल्या एका खडकात प्राचीन सूक्ष्मजीवांचा संभाव्य माग असू शकतो, असे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. हा खडक पृथ्वीवर आणून तपासल्याशिवाय निर्णय देता येणार नाही. उद्या मंगळावर जीव सापडला आणि त्याची जनुकीय लिपी आपल्यासारखीच निघाली, तर दोन ग्रहांमध्ये देवाणघेवाण झाली असे मानता येईल आणि केल्व्हिन यांची कल्पना बळकट होईल. लिपी पूर्णपणे वेगळी निघाली, तर जीवन दोनदा स्वतंत्रपणे उगवले असा अर्थ होईल, आणि मग विश्वात ते ठायी ठायी असण्याची शक्यता वाढेल.

यातला कोणताही निकाल लागला, तरी सहा दिवस शब्दशः मानणाऱ्या ख्रिस्ती गटांपुढे अडचण उभी राहील. पण ती अडचण आजच, बेन्नू आणि मंगळ यांच्याआधीच, खानदेशच्या काळ्या पाषाणानेही उभी केली आहे. ‘उत्पत्ती’ला निर्मात्याची ओळख सांगणारा ग्रंथ मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाला मात्र दोन्ही निकालांची वाट निर्धास्तपणे पाहता येईल. त्याच्यासाठी जीवन मातीतून आले की आकाशातून, हा विज्ञानाने सोडवायचा प्रश्न आहे.